स्वस्त डिझेल आणि घाटाखालचा खोकला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ, काळपट कफ आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. छातीला नळी लावली तेव्हा आतून बारीक शिट्ट्या ऐकू येत होत्या. नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढते का? नाही. स्वयंपाक चुलीवर होतो का? "गॅस येऊन धा वर्सं झाली, डॉक्टर." तंबाखू? "मिश्री लावते सकाळी. पण ती काय छातीत जाती व्हय?"

मिश्री छातीत जात नाही, तोंडाचे मात्र नुकसान करते, हे त्यांना सांगितले. त्यावर अधिक बोलायचे तर एक लेख वेगळा लिहावा लागेल. मावशींनी बोलता बोलता पदराने कपाळ पुसले आणि पदरावर काळा डाग उमटला. मग त्यांनीच सांगितले की टपरीच्या मागे दोरीवर वाळत घातलेल्या पातळावर संध्याकाळपर्यंत काजळी बसते, आणि चहाचे भांडे झाकले नाही तर दुधावर काळे कण तरंगतात. टपरीची जागा अशी, की पुण्याकडून आलेला भरलेला ट्रक नेमका तिथेच गिअर खाली टाकतो आणि चढाला जोर लावतो. वीस वर्षे रोज दहा-बारा तास त्या जागी बसलेल्या बाईने सिगारेट ओढली नाही, या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

डिझेलच्या धुरात असे काय असते, ते आधी पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन मिसळून ठिणगीने पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवार सोडली की ते आपोआप पेट घेते. पण फवार सगळीकडे सारखी पसरत नाही. जिथे डिझेल जास्त आणि हवा कमी, तिथे ते अर्धवट जळून काजळी होते. जिथे हवा भरपूर आणि उष्णता जास्त, तिथे नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. काजळीचा एकेक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान असू शकतो. नाकातले केस आणि घशातला चिकट द्रव धुळीचे मोठे कण अडवतात. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोषापर्यंत पोहोचतात, आणि जाताना अंगावर अर्धवट जळालेली विषारी रसायने घेऊन जातात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो. दम्याच्या रुग्णाला याचा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

हा त्रास किती लवकर होतो, याचा एक साधा आणि सुंदर प्रयोग लंडनमध्ये झाला. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या साठ माणसांना एके दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायला लावले आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी जवळच्याच हाइड पार्क या बागेत तितकाच वेळ चालवले. ऑक्सफर्ड स्ट्रीट निवडण्याचे कारण असे, की तिथे बस आणि टॅक्सी यांनाच परवानगी होती आणि त्या सगळ्या डिझेलवर चालत. फुंकर मारण्याची ताकद, म्हणजे पहिल्या सेकंदात फुप्फुसातून किती हवा बाहेर टाकता येते ते मोजले, तेव्हा रस्त्यावर ती सहा टक्क्यांपर्यंत घटली. बागेतली घट त्यापेक्षा बरीच कमी होती. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसे तीच, चालणेही तेवढेच, बदलली ती फक्त हवा.

त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, तो हृदयाचा. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पण आता प्रकृती स्थिर असलेल्या वीस पुरुषांना तासभर विरळ केलेला डिझेलचा धूर हुंगायला दिला. मध्ये मध्ये थोडी सायकल चालवायला सांगितली. स्वच्छ हवेतल्या दिवसाच्या तुलनेत धुराच्या दिवशी त्यांच्या ईसीजीत हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण अधिक ठळक दिसली. म्हणून बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माझ्या रुग्णांना मी हायवेच्या कडेने फिरायला जाऊ नका असे बजावतो. फिरणे चांगले, पण ते शेताच्या बांधाने.

कर्करोगाविषयी आता शंका राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली डिझेलच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. जून २०१२ मध्ये त्यातला 'बहुधा' काढून टाकला आणि धूर पहिल्या गटात घातला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. या निर्णयामागे अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक खाणकामगारांचा अभ्यास होता. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात ज्यांनी जास्त काम केले, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण जास्त निघाले. खाण म्हणजे बंदिस्त जागा, उघड्या रस्त्यावर धूर विरळ होतो, हे खरे. पण शटर अर्धे ओढून आत इंजिन चालू ठेवणारे आपल्याकडचे गॅरेज खाणीपेक्षा फारसे वेगळे नसते.

आता वाचक म्हणतील, डॉक्टर, आरोग्याच्या सदरात पेट्रोल-डिझेलच्या भावाचे काय काम? मला तर वाटते, खरे काम तिथेच आहे. ट्रक, ट्रॅक्टर, एस.टी. यांना डिझेल लागते, कारण ओझे ओढण्याची ताकद आणि कमी इंधनात जास्त अंतर हे डिझेल इंजिनाचे गुण आहेत. पण चार माणसांना बाजारात नेणारी मोटार डिझेलवर चालावी की नाही, हे इंजिनापेक्षा सरकारी कर ठरवतो. कच्चे तेल सगळीकडे जवळपास एकाच भावाने मिळते. पंपावरचा भाव देशोदेशी वेगळा असतो तो मुख्यतः करामुळे. आणि एखाद्या देशाने डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवले, की दहा वर्षांनी त्याच्या हवेत ते दिसते.

युरोपचे उदाहरण घ्या. जर्मनीत वर्षानुवर्षे पेट्रोलवर लिटरमागे ६५.४५ सेंट कर होता, तर डिझेलवर ४७.०४ सेंट. फ्रान्समध्येही डिझेलवर कमी कर. ब्रिटनने दोन्हींवरचे शुल्क सारखे ठेवले, पण २००१ पासून गाडीचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने लावायला सुरुवात केली. डिझेल गाडी तेवढ्याच अंतराला कमी इंधन जाळते, म्हणून तिचा कर कमी झाला. हेतू वाईट नव्हता. पृथ्वी तापते आहे, कार्बन कमी करायचा होता. परिणाम असा, की २००० साली ब्रिटनमध्ये सातांतली एक नवी मोटार डिझेलची होती, ती पुढच्या दहा-बारा वर्षांत दोनांतली एक झाली. फ्रान्समध्ये २०१२ च्या सुमारास दहांतल्या सात नव्या मोटारी डिझेलवर होत्या. पृथ्वीच्या हिशेबात थोडी बचत झाली असेल, पण शहरातल्या माणसाच्या छातीचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

त्यात २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकीय युक्ती त्यांनी सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवली होती. रस्त्यावर त्यातल्या काही गाड्या मर्यादेच्या चाळीसपट नायट्रोजन ऑक्साइडे सोडत. ही चोरी युरोपात नव्हे, अमेरिकेत पकडली गेली. तिथे डिझेल मोटारीला पेट्रोल मोटारीएवढीच कडक मर्यादा होती. अमेरिकेत केंद्राचा करही उलटा आहे: १९९० च्या दशकापासून पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. तिथे डिझेल मोटारी कधी फोफावल्याच नाहीत.

लंडनमध्ये २०१३ साली दम्याच्या झटक्याने एक नऊ वर्षांची मुलगी गेली. वाहनांनी गजबजलेल्या एका मोठ्या रस्त्याजवळ तिचे घर होते. आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले. ब्रिटनमध्ये अशी नोंद पहिल्यांदाच झाली. आपल्याकडे अशा मुलाच्या दाखल्यावर 'श्वसनक्रिया बंद पडणे' एवढेच येते. मीही आजवर तेच लिहीत आलो आहे.

चूक कळल्यावर ती सुधारणे सोपे असते असे नाही. फ्रान्सने डिझेलवरचा कर हळूहळू पेट्रोलच्या बरोबरीला आणायचे ठरवले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घातलेली माणसे रस्त्यावर उतरली. गावाकडे राहणारे, रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडीने कामाला जाणारे हे लोक. डिझेल घ्या असे सरकारनेच त्यांना इतकी वर्षे सुचवले होते, आणि आता तेच सरकार दंड लावल्यासारखे करत होते. शेवटी ठरलेली वाढ डिसेंबरमध्ये मागे घ्यावी लागली. त्या लोकांचा राग मला चुकीचा वाटत नाही.

याहून शहाणपणाने वागलेले देशही आहेत. ब्राझीलने १९७६ मध्येच हलक्या मोटारींना डिझेल इंजिन बसवायला बंदी केली. तेव्हा कारण आरोग्याचे नव्हते. तेल महागले होते आणि डिझेल ट्रक-बससाठी राखायचे होते. पण त्यामुळे घरगुती मोटारींचा धूर आपोआप टळला. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर पंपावर पेट्रोलसारखा कर घेतच नाहीत. डिझेल गाडीच्या मालकाला रस्त्यावर जितके किलोमीटर धावायचे तितक्याचे शुल्क आगाऊ भरावे लागते. म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरला डिझेल स्वस्त आणि रस्त्यावरच्या मोटारीला ते आपोआप महाग. टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा १९९९ पासून डिझेलच्या काजळीने भरलेली प्लास्टिकची बाटली पत्रकारांसमोर हलवून दाखवत. ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांत धुराची मर्यादा न पाळणाऱ्या ट्रक-बसना फिरायला बंदी झाली. पुढाऱ्याने बाटली दाखवून आरोग्यशिक्षण करावे, हे मला फार आवडले. आपल्याकडे काजळीला तोटा नाही, बाटल्यांनाही नाही.

आपल्याकडे काय झाले? डिझेल म्हणजे शेतकऱ्याचे आणि एस.टी.चे इंधन, ते महागले की भाजीपाला महागतो, म्हणून ते स्वस्त ठेवायचे, असा आपला जुना विचार. तो चुकीचा नव्हता. पण जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा केला आणि डिझेलचा सरकारच्या हातात ठेवला, तेव्हा दोघांतली दरी वाढत गेली. २०१२ मध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक पडला. नवी गाडी घेणाऱ्याने कागदावर हिशेब केला आणि डिझेल निवडले. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींतली जवळजवळ निम्मी डिझेलची झाली. सरकारी पाहणीत जानेवारी २०१४ मध्ये जे आकडे आले ते वाचून मी चकित झालो होतो: शेतीसाठी जाणारे डिझेल १३ टक्के, आणि मोटारी, जीपगाड्या, तीनचाकी यांचे मिळून २८ टक्क्यांहून जास्त. शेतकऱ्याच्या नावाने स्वस्त केलेले इंधन मोठ्या चकचकीत गाड्यांच्या टाकीत जात होते आणि धूर मावशींच्या टपरीवर बसत होता. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच डिझेल मोटारीवर ८० हजार रुपये जादा उत्पादन शुल्क लावा असे सुचवले होते. ते झाले नाही.

भावातल्या दरीचे आणखी एक रूप म्हणजे भेसळ. रेशनचे रॉकेल डिझेलच्या निम्म्याहून स्वस्त असे, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळायचे. जुन्या वडापच्या जीपचा वास आठवत असेल. रॉकेलने डिझेल पंप आणि नोझल झिजतात आणि गाडी धूर ओकू लागते. या धंद्यात किती पैसा होता, ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. भेसळीवर छापा घालायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आले. मी तो प्रसंग गुन्ह्याइतकाच सार्वजनिक आरोग्याचा मानतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला आणि दरी कमी होत गेली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झाले होते. तिथल्या राज्य सरकारने मे महिन्यात डिझेलवरचा कर वाढवला होता. जुलैअखेर तो कमी केल्यावर भाव पुन्हा खाली आला. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा इंजिने आणि दहा लाख भागांत फक्त दहा भाग गंधक असलेले डिझेल आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच गंधक एक टक्क्यापर्यंत असे, म्हणजे आताच्या हजारपट. नव्या डिझेल मोटारीला काजळी अडवणारी गाळणी असते, मोठ्या वाहनांत युरियाचे द्रावणही घालावे लागते. त्या महाग झाल्या, आणि नव्या मोटारींतला डिझेलचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला. मारुतीने तर डिझेल मोटारी बनवणेच बंद केले. ज्यांना भाव आणि नियम यांचा हवेशी संबंध वाटत नाही, त्यांनी ही सात-आठ वर्षे पुन्हा पाहावीत.

तेव्हा माझे मत असे आहे. डिझेल सरसकट महाग करा असे मी म्हणणार नाही. एस.टी.चे तिकीट वाढले की दवाखान्यात येणारी म्हातारी एक फेरी रद्द करते, हे मी रोज पाहतो. पण चैनीच्या डिझेल मोटारीवर खरेदीच्या वेळीच भरघोस कर घ्यावा आणि तो पैसा जुन्या बस आणि जुने ट्रक बदलायला वापरावा. रस्त्यावरची काजळी मुख्यतः त्या जुन्या गाड्यांची आहे. जून २०२२ मध्ये एस.टी.ची विजेवरची शिवाई पुणे-नगर मार्गावर धावली, तेव्हा मला एखादे नवे औषध बाजारात आल्यासारखा आनंद झाला होता. आणि अर्थखात्यात डिझेलचा कर ठरतो त्या टेबलाभोवती एक खुर्ची आरोग्यखात्याला द्यावी. आज ती नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले बसच्या मागच्या बाजूला उभी करू नयेत. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा इंजिन बंद ठेवायला सांगावे, डिझेलही वाचते. दम्याच्या रुग्णाने घाटात काच वर करून आतलीच हवा फिरवणारे बटण लावावे आणि पंप, म्हणजे छातीचा पंप, खिशात ठेवावा. नव्या गाडीतली काजळीची गाळणी चोंदते म्हणून ती काढून टाकणारे मेकॅनिक आहेत. त्यांच्या नादी लागू नये. महिन्यातून एकदोनदा गाडी मोठ्या रस्त्यावर वेगाने चालवली की बहुतेक वेळा ती आपोआप साफ होते.

मावशींना पंप सुरू केला आणि टपरी रस्त्यापासून मागे, वरच्या अंगाला घ्यायला सांगितली. त्यांनी ती तीस-चाळीस पावले मागे नेली. गिऱ्हाईक थोडे कमी झाले, पण खोकलाही कमी झाला. पुढच्या खेपेला त्यांचा मुलगा बरोबर आला. तो वडापची जुनी डिझेल जीप चालवतो आणि फेरी भरेपर्यंत ती टपरीसमोरच, इंजिन चालू ठेवून उभी करतो, हे तेव्हा कळले. "मग गाडी विकू का, डॉक्टर?" असे त्याने विचारले. विकू नकोस, नोझल आणि हवेची जाळी साफ करून घे, गाडी लांब लाव आणि पीयूसी करून आण, असे मी म्हणालो. दोन दिवसांनी तो पीयूसीचा कागद घेऊन दाखवायला आला. गाडी कुठे तपासली, असे विचारले तर हसून म्हणाला, "गाडी घरीच होती. नंबर सांगितला, त्यांनी कागद दिला."